निर्णय योग्य, चेहरा अयोग्य

५ सप्टेंबर, शुक्रवार

प्रिय ताई,

पत्र घरी न येता तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर आलंय, त्यावरून तू ओळखलंच असशील की आईपासून काहीतरी लपवायचं आहे. फोन केला असता. पण घरी तू फोनवर बोलायला लागलीस की आई समोर बसून तुझ्या ओठांवरून सगळं वाचते, आणि एक्स-रेच्या खोलीत तुला फोन नेता येत नाही. शिवाय फोनवर माझं बोलणं तुला कळलंही नसतं. का ते सांगतो.

मंगळवारी सकाळी चूळ भरली तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण बाहेर आलं. आरशात पाहिलं, तर चेहऱ्याची डावी बाजू कामावर आलीच नव्हती. भुवई खाली, गाल सैल, डोळा मिटायचं नाव घेत नाही. मला वाटलं, आटोपला कारभार. डॉक्टरांनी हातपाय ओढून पाहिले आणि म्हणाले, मेंदूला काही झालेलं नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत परत येतं. पण तेवढे दिवस व्यायाम नेमाने करायचे, नाहीतर काही जणांचं तोंड कायमचं थोडं वाकडं राहतं. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले आणि झोपताना पापणी बंद ठेवायला पारदर्शक चिकटपट्टीचा एक गुंडाळा दिला.

आता खरी काळजी. मी सोमवार ते शनिवार दुकानदारांचे काटे तपासतो आणि रविवारी फुटबॉलच्या मॅचला पंच म्हणून उभा राहतो, हे तुला माहीत आहे. हेही माहीत आहे की पंचांच्या वरच्या यादीत जायला एका हंगामात निरीक्षकांचे तीन चांगले शेरे लागतात. नऊ वर्षं झाली, मला एक मिळालेला नाही. आमचे निरीक्षक स्वतःचा थर्मास घेऊन येतात, म्हणून सगळे त्यांना थर्मासच म्हणतात. ते दर वेळी एकच शेरा लिहितात: ‘निर्णय योग्य. चेहरा अयोग्य.’ मी फाउल देतो आणि माझ्या भुवया त्या खेळाडूची माफी मागतात, असं त्यांचं म्हणणं. मग खेळाडूंना वाटतं हा डळमळीत आहे, आणि अकरा जण मला घेराव घालतात. येत्या मार्चमध्ये मला चाळीस लागेल. चाळिशीनंतर यादी बंद. म्हणजे हा शेवटचा हंगाम, आणि त्यात हे तोंड.

‘प’, ‘ब’, ‘म’ नीट उमटत नाहीत. पेनल्टी म्हणता येत नाही, नुसता हात दाखवावा लागणार. आईला सांगू नकोस. ती इतक्या लांबून नुसती झुरेल.

तुझा,
टिल्लू


९ सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

आधी रडले, मग तुझं पत्र पुन्हा वाचून राग आला. तोंड वाकडं झालं आणि या माणसाला काळजी कशाची, तर थर्मासची!

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडून व्यायामांचा कागद आणलाय, सोबत जोडते. आरशासमोर बसायचं, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक प्रकार वीस वेळा. भुवया वर. डोळे घट्ट मिटणे. गाल फुगवणे. ओठांचा चंबू करून फुंकर. दात दाखवून हसणे. जोर करायचा नाही, हळूहळू करायचं, पण खाडा नको. आणि दर पंधरा दिवसांनी तीन फोटो काढून पाठव: नुसता चेहरा, हसरा, आणि डोळे मिटलेला. त्यावरून बाई सांगतील कितपत सुधारतंय.

आईला न सांगणं मला पटलेलं नाही. तुला आठवतंय ना, आपल्या घरात तोंड ही काय चीज आहे? तापात तिचे कान गेले तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात मिशी काढून टाकली, का, तर ओठ नीट दिसावेत. खिडकीकडे तोंड केल्याशिवाय बोलायचं नाही, घास तोंडात असताना बोलायचं नाही, आणि जे सांगायचं ते भुवयांसकट सांगायचं. तू काही लपवत असलास की ती स्वतःच्या हनुवटीखाली दोन बोटं लावायची. म्हणजे, तोंड वर कर, उजेडात ये. तू लगेच कबूल व्हायचास. तुझ्या त्या माफी मागणाऱ्या भुवया तिथून आल्यात, थर्मासला काय माहीत.

ठीक आहे, नाही सांगत. पण तीन महिने. त्यापुढे माझ्याकडून लपणार नाही, मी एक्स-रे काढणारी बाई आहे, मला झाकायची सवय नाही.

ताई


१७ सप्टेंबर

प्रिय ताई,

कागद मिळाला. फोटो सोबत आहेत. तिन्ही सारखेच दिसत असतील तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

रविवारची मॅच झाली. तुला सविस्तर सांगतो, कारण असं माझ्या बाबतीत पूर्वी घडलेलं नाही.

आमच्या लीगमध्ये एक कोच आहे, त्याला सगळे घसा म्हणतात. मॅचभर ओरडतो आणि तरी त्याचा आवाज बसत नाही. दहाव्या मिनिटाला मी त्याच्या संघाविरुद्ध फाउल दिला. शिट्टी ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरावी लागते, त्यामुळे मान आपोआप थोडी तिरकी होते. घसा नेहमीप्रमाणे रेषेपर्यंत पळत आला, तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटून परत गेला. मला वाटलं त्याला ठसका लागला. मग त्यांचा कॅप्टन आला. तोही दोन पावलांवर थांबला आणि म्हणाला, ‘बरोबर आहे सर.’ सर! ताई, मला मैदानात नऊ वर्षं ‘ए’ म्हणतात, आणि वाईट दिवशी जे म्हणतात ते पत्रात लिहिता येत नाही.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो आणि फाउल दिल्यासारखा हात केला. माझी उजवी भुवई नेहमीसारखी माफी मागत होती. पण डावी बाजू इतकी थंड, की उजवीचं कुणी मनावर घेणार नाही. अर्ध्या तोंडावरची माशी हलत नाही आणि मिटेनासा डोळा समोरच्यावर रोखलेला. मलाच माझी भीती वाटली.

थर्मासचा शेरा शब्दशः देतो: ‘संयमी. करारी. निर्णयात कुठेही शंका दिसली नाही.’ मी तो आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय. काट्यांच्या कामातही फरक आहे. काल एका वाण्याने मी काही बोलायच्या आत स्वतःच दुसरी वजनं काढून दाखवली.

व्यायाम चालू आहेत.

टिल्लू


२ ऑक्टोबर

प्रिय टिल्लू,

फोटोंचा दुसरा संच मिळाला. बाईंनी दोन्ही संच शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, पेशंट व्यायाम करतोय ना? मी म्हटलं, माझा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच विचारते. तिसावा दिवस उलटून गेला, आता निदान गाल तरी थोडा हलायला हवा होता.

शेरा मिळाल्याचं अभिनंदन. पण तो ज्याच्यामुळे मिळाला त्याचं अभिनंदन मी करणार नाही.

आईने तुझं येणं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, शनिवार-रविवार, अकरा-बारा. त्या रविवारी तुला मॅच नाही हे तूच मागे घरच्या पत्रात लिहिलं होतंस, आता तोंड लपवायला जागा नाही. ये. आल्यावर तिला सरळ सांग. तेवढी हिंमत नसेल तर दाढ काढली म्हण, पण ये.

ताई


१९ ऑक्टोबर

टिल्लू,

तू गेल्यापासून आठवडाभर पत्र लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टमनने वाचलं असतं तरी त्याला वाईट वाटलं असतं.

दाढेचं सांगितलंस, ठीक. पण दोन दिवस तू आईच्या बाजूला तोंड करून एकदा तरी बसलास का? जेवताना खिडकीकडे पाठ. चहा घेताना बाल्कनीच्या दारात, उजवी बाजू तिच्याकडे, डावी बाहेर. तुला वाटलं, चांगली बाजू दाखवतोय. अरे, एका बाजूने ओठ वाचता येतात का? ती खुर्ची सरकवून समोर यायची आणि तू मान वळवायचास. शेवटी तिने खुर्ची सरकवणं सोडून दिलं. माझं लक्ष होतं.

तू गेल्यावर ती शिवण घेऊन बसली. एका शर्टाचं एकच बटण तीनदा लावलं, तीनदा उसवलं. मग मला विचारलं, ‘तो माझ्यावर कशाने रागावलाय?’ मी म्हटलं, दाढ. ती म्हणाली, दाढ काढली की माणूस गप्प बसतो, भिंतीशी बोलल्यासारखं बोलत नाही. मग स्वतःच आठवत बसली, आपण काय चुकलो. उन्हाळ्यात तुला पाठवलेल्या स्वेटरचं माप तिने विचारून घेतलं नव्हतं, तिथपर्यंत मागे गेली.

आता दुसरी गोष्ट. जाताना तू मला फोटोंचा तिसरा संच दिलास. फोटो माझ्या हातात आणि तुझी हनुवटी माझ्यासमोर, असा योग पहिल्यांदाच आला. सतरा सप्टेंबरच्या फोटोत हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण आहे. दुसऱ्या संचात आहे. परवाच्या संचातही आहे. प्रत्यक्ष हनुवटी मात्र गुळगुळीत. महिनाभर ताजी राहणारी जखम आमच्या हॉस्पिटलात कुणी पाहिलेली नाही.

शिवाय शेजारच्यांचं मांजर दुधात पडलं तेव्हा तुझा डावा कोपरा वर उचलला गेला. मी पाहिलं. तू लगेच कप तोंडाला लावलास.

काय चाललंय?

ताई


२३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. सांगतो.

सगळे फोटो एकाच दिवशी काढले होते. पहिला शेरा मिळाला त्याच रात्री व्यायाम थांबवले. आरशासमोर बसलो, भुवया वर करायला गेलो, आणि कडेला खोचलेला शेरा दिसला. हात जोडून सांगतो, मला ते जमलं नाही. नऊ वर्षं मी चुकीचा दिसत बरोबर निर्णय देत आलो, ताई. पहिल्यांदाच बरोबर दिसलो.

पण नस ऐकेना. ती आपली आपण परत यायला लागली. पाच ऑक्टोबरला पहिल्याच शिट्टीला डावी भुवई एवढीशी हलली. एवढीशी. समोरच्या फॉरवर्डने ती पाहिली आणि दोन मिनिटांत सात जण माझ्याभोवती. तेव्हापासून मॅचच्या आधी डाव्या भुवईवर ती पापणीची चिकटपट्टी लावतो. पारदर्शक आहे, दिसत नाही. जेवण उजवीकडूनच चावतो. हसायचं टाळतो. विनोदी माणसांना महिनाभर भेटलेलो नाही.

परवाच्या रविवारी दुसरा शेरा मिळाला: ‘आदर्श देहबोली. नवीन पंचांनी पाहण्यासारखी.’ ताई, थर्मास मला नवीन पंचांना दाखवणार आहेत. आता फक्त एक राहिला. नऊ नोव्हेंबरला लीगची फायनल आहे आणि ती मला दिलीय, हेही पहिल्यांदाच. ती झाली की पट्टी काढून फेकून देतो, व्यायाम वीसऐवजी चाळीस वेळा करतो, बाईंची माफी मागतो. सोळा-सतरा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?

आईचं वाचून जेवण गेलं नाही. स्वेटरचं माप बरोबर होतं, तिला सांग. मी रागावलेलो नाही हेही सांग. का रागावलेलो नाही ते सांगू नकोस. फायनल झाली की येतो आणि समोर बसतो, खिडकीत.

टिल्लू


१ नोव्हेंबर

टिल्लू,

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या ॲप्रनच्या खिशात ठेवलं होतं. बाईंना दाखवायचं होतं. परवा ॲप्रन धुवायला घरी आणला. खिशाची शिवण उसवली होती. आपल्या घरात उसवलेली शिवण कुणाच्या हातात जाते, हे तुला सांगायला नको.

तिने पत्र वाचून, घडी घालून, खिसा शिवून, त्यात परत ठेवलं. जेवली, भांडी विसळली. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारलं, ‘नऊ तारखेला सकाळची बस किती वाजता असते?’

मी म्हटलं, आई, तिथे उन्हात बसावं लागेल. म्हणाली, टोपी आहे. मी म्हटलं, तुला फुटबॉल कळत नाही. म्हणाली, तिथे काय ऐकायचं असतं?

पाच तास जायला, पाच तास यायला, आणि संध्याकाळची शेवटची बस मॅच संपता संपता निघते. म्हणजे ती तुला भेटायलाही येत नाहीये. नुसती बघायला येतेय. मी थांबवू शकत नाही. मला तर थांबवावंसंही वाटत नाही.

बाई म्हणाल्या, अजूनही वेळ गेलेली नाही. पण रोज एक दिवस जातो.

ताई


५ नोव्हेंबर

ताई,

तिला आणू नकोस. काहीही कर. बस बंद आहे म्हण. मॅच पुढे गेली म्हण. मी रविवारी तिच्यासमोर उभा राहू शकणार नाही, आणि रविवारी मला उभंच राहायचं आहे.

टिल्लू


१२ नोव्हेंबर

ती. आईस,

नमस्कार. हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतोय. ताईने वाचलं तरी चालेल.

तू तिसऱ्या रांगेत होतीस, बाबांची पांढरी टोपी घालून. मी तुम्हाला मॅच सुरू व्हायच्या आधीच पाहिलं, आणि त्यानंतर तिकडे बघायचं नाही असं ठरवलं. ऐंशी मिनिटं ते जमलं. तू काय पाहिलंस ते मला माहीत नाही, पण काय झालं ते तुला सांगायला हवं, कारण तुझ्यापर्यंत आवाज पोचला नसणार आणि माझा चेहरा पट्टीखाली होता.

गोल झालेला नव्हता, दोन्हीकडे शून्य. घशाच्या संघाचा फॉरवर्ड गोलसमोर पडला. मी मागून येत होतो आणि मध्ये दोघं-तिघं होते. आई, मी त्याला पडताना पाहिलं. कशाने पडला ते पाहिलं नाही. पूर्वी असं झालं की माझा चेहरा आधी कबूल व्हायचा, मग मी लाइन्समनला विचारायचो, लोक हसायचे, थर्मास लिहायचे. या वेळी चेहरा काही म्हणालाच नाही. त्यामुळे मलाही वाटलं, मला माहीत आहे. शिट्टी वाजवली, हात सरळ केला, पेनल्टी दिली.

कुणीही काही बोललं नाही. मैदानावर इतकी शांतता मी पाहिली नव्हती. तू रोज ऐकतेस तशी असावी.

समोरच्या संघाचा गोलकीपर नळदुरुस्ती करतो, माझ्याच वयाचा आहे. गेल्या वर्षी त्याने माझ्या अंगावर हातमोजा फेकला होता. मी वाट बघत होतो की तो येईल आणि भांडेल. तो आला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आणि म्हणाला, ‘चुकलो सर. माझाच हात लागला असेल.’

त्याचा हात लागला होता की नाही, हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं की लागलेला नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून त्याची स्वतःवरची खात्री गेली.

तेव्हा मी वर पाहिलं. तू दोन बोटं हनुवटीखाली लावून बसली होतीस.

मी भुवईवरची पट्टी काढली. सगळ्यांसमोर. जरा केस उपटले गेले. मग लाइन्समनकडे चालत गेलो आणि विचारलं, ‘तू काय पाहिलंस?’ तो म्हणाला, तो फॉरवर्ड स्वतःच्याच पायात अडकून पडला. मी विचारलं, मग झेंडा का नाही दाखवलास? म्हणाला, ‘तुम्ही इतके ठाम होतात, मला वाटलं माझेच डोळे गेले.’

पेनल्टी रद्द केली. पुढचं तू पाहिलंस. घसा मैदानात आला. अकरा जण आले, मग बदली खेळाडू आले. माझी उजवी भुवई माफी मागत होती आणि डावी, दोन महिने दडपलेली, तिच्यामागून धडपडत येत होती. घशाने मला ‘ए’ म्हटलं. बरं वाटलं, आई. शेवटच्या पाच मिनिटांत दुसऱ्या संघाने गोल केला आणि घसा हरला.

शेरा काल आला: ‘अंतिम निर्णय योग्य. चेहरा अयोग्य.’ म्हणजे यादी गेली. मार्चमध्ये चाळिशी. यापुढे इथेच, रविवारी, थर्मासना माझा कंटाळा येईपर्यंत. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. काल काटे तपासताना एका दुकानदाराने मला दोनदा तेच खोटं उत्तर दिलं आणि वर हसला. पण मॅच संपल्यावर थर्मास माझ्याजवळ आले होते. थर्मासचं झाकण काढलं आणि अर्धा कप चहा मला दिला. नऊ वर्षांत त्यांनी कुणाला चहा दिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. तो चहा डाव्या कोपऱ्यातून थोडा सांडला.

तुम्हाला बस गाठायची होती. मी धावत कुंपणापर्यंत आलो होतो. तू दारातून वळून पाहिलंस तेव्हा मी हसलो. तुला ते पोचलं का माहीत नाही.

मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. आपल्या घरात हे लिहून सांगायची वेळ कधी आली नव्हती, ती मी आणली. चुकलो.

तुझा,
टिल्लू


१६ नोव्हेंबर

चि. टिल्लू,

पत्र मिळालं. ताईने वाचलं नाही, मीच तिला वाचून दाखवलं.

मैदानात आल्यावर मी तुला आधी ओळखलंच नाही. काळ्या कपड्यात एक माणूस ताठ उभा होता, मला वाटलं हा दुसराच कुणीतरी. मग तू चालायला लागलास तेव्हा कळलं. माझ्या आजूबाजूची माणसं एकमेकांना म्हणत होती की हा पंच फार कडक आहे, याच्यापुढे बोलायची सोय नाही. त्यांच्या ओठांवरून वाचलं. मला काही त्याचा अभिमान वाटला नाही.

तू हात सरळ केलास तेव्हा तुझी उजवी टाच वर उचलली होती. बरणी कुणी फोडली विचारलं की तू तसाच उभा राहायचास. न बघितलेलं बघितलं म्हणून सांगताना तुझी टाच जमिनीला टेकत नाही. चेहरा बंद केलास म्हणून काय झालं, टाच चालूच होती. त्या नळवाल्याचं मात्र वाईट वाटलं. त्याला भेटलास तर सांग, म्हणावं तुझा हात लागला नव्हता, माझ्या आईनेही पाहिलं.

यादी गेली, ते गेलं. मला त्यातलं कळत नाही. तुला वाईट वाटतंय तर वाटू दे, मी काही समजूत घालत नाही. तुझ्या बाबांना मिशी फार शोभायची. ती काढल्यावर कचेरीत लोक त्यांना धाकटा कारकून समजायला लागले, ते मला कधी म्हणाले नाहीत. मी त्यांच्या तोंडावरच वाचलं.

तुझ्या साहेबांकडून पंधरा दिवसांची रजा घे. खिडकीपाशी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्यात. तो व्यायामाचा कागद ताईने मलाही आणून दिला, माझा पाठ झालाय. आरसा लागणार नाही, मी समोर बसेन, मी करेन तसं तू करायचं, सकाळ-संध्याकाळ, वीस वेळा. ताई म्हणते दोघं वेडे दिसाल. दिसू दे.

कुंपणापाशी तू हसलास ते पोचलं. पण मला अर्धंच ऐकू आलं. उरलेलं घेऊन ये.

आई